हौशी मंडळींचे ‘सौभद्र’



‘हौशी’ हा शब्द आपल्याकडे दोन सुरांत उच्चारला जातो. ‘मोठा हौशी माणूस!’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात कौतुक असते. आणि ‘चालायचेच, हौशी मंडळींचे नाटक ते!’ असे म्हणतो तेव्हा त्यात क्षमा असते. गावातील चार कारकून, दोन मास्तर, एखादा वकील आणि एखादा दुकानदार यांनी मिळून ‘सौभद्र’ बसविले की आपण तिकीट काढतो, मुलाबाळांसह जातो, आणि बहुधा ही क्षमाबुद्धी बरोबर घेऊनच खुर्चीवर बसतो. आपल्याच गल्लीतला अर्जुन रंगभूमीवर आला की आपल्याला त्याचे गाणे ऐकू येण्याआधी त्याची सायकल आठवते.

आज आम्हाला या क्षमाबुद्धीविषयीच थोडे बोलावयाचे आहे. आमचे म्हणणे असे की, मराठी संगीत नाटक हे मूळचे हौशी मंडळींचेच अपत्य आहे. ते पुढे धंदेवाईक कंपन्यांच्या घरी गेले, तेथे वैभवात नांदले, आणि ते घर बसले तेव्हा पुन्हा माहेरी आले. माहेरी आलेल्या लेकीला आपण कसे वागवितो, हा प्रश्न आहे. तिला देव्हाऱ्यात बसवावे, की तिच्याशी बोलावे?

प्रारंभ अर्थातच सांगलीपासून करावयास हवा. 1843 च्या नोव्हेंबरच्या 5 तारखेला विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले. श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांचा त्यास आश्रय होता, आणि कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून ही कल्पना निघाली होती. त्या नाटकांत गाणे भरपूर होते. परंतु ते गात कोण? सूत्रधार. कथेचा सारा पद्यभाग तो म्हणत असे, आणि पात्रांनी त्याला अनुसरून हावभाव करावयाचे व प्रसंगानुसार आपल्या मनाची भाषणे जुळवावयाची. राम दुःखी झाला तर त्याचे दुःख सूत्रधाराच्या गळ्यातून यावयाचे. या पद्धतीने कित्येक वर्षे महाराष्ट्रभर नाटके झाली, लोकांनी ती डोक्यावर घेतली. पण गाणारा एक आणि सोसणारा दुसरा, अशी ती वाटणी होती.

ही वाटणी ज्याने मोडली त्या गृहस्थाचा जन्मही, योगायोग असा की, 1843 सालचाच. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे 31 मार्च 1843 रोजी गुर्लहोसूर येथे जन्मले. हा प्रदेश कानडी-मराठीच्या शिवेवरचा; दोन्हीकडच्या चाली कानांवरून जावयाच्या. पुण्यास शिकावयास आले तेव्हापासून नाटक मंडळ्यांना पदे रचून देण्याचा नाद त्यांना लागला. पुढे बेळगावास असताना त्यांनी 1866 साली ‘भरतशास्त्रोत्तेजक मंडळी’ स्थापन केली. नाव केवढे भारदस्त! हौशी मंडळींच्या संस्थांची नावे तेव्हापासूनच त्यांच्या तिजोरीपेक्षा मोठी असत. याच बेळगावात अण्णासाहेब शिक्षक होते, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांत गोविंद बल्लाळ देवल नावाचा एक मुलगा होता. 1873 साली अण्णासाहेबांचे ‘शांकरदिग्जय’ हे गद्य नाटक प्रसिद्ध झाले. नंतर ते पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस आले.

येथे क्षणभर त्या वेळच्या पुण्याकडे पाहिले पाहिजे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आज आपण ज्या प्रकारच्या सभेत बसलो आहो तिची ती आद्य जननी. दिवसभर कचेरी, शाळा किंवा कोर्ट करावयाचे, आणि संध्याकाळी काही ऐकावयास, काही बोलावयास एकत्र जमावयाचे, असा एक नवा वर्ग शहरात तयार झाला होता. त्याला पगार होता, वर्तमानपत्र होते, कालिदास शाळेत भेटलेला होता आणि शेक्सपिअर कॉलेजात. त्याला संध्याकाळ रिकामी मिळत होती. व्याख्यानमाला ही त्या संध्याकाळची एक संतती. संगीत नाटक ही दुसरी. दोघींमध्ये अवघे पाच वर्षांचे अंतर आहे.

1880 साली पुण्यात एका पारशी कंपनीचा ‘इंद्रसभे’चा खेळ अण्णासाहेबांनी पाहिला, आणि असेच गाण्यांचे नाटक आपल्या भाषेत व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात. निवडले काय, तर कालिदासाचे ‘शाकुंतल’. म्हणजे धाडस दुहेरी होते. एक तर संस्कृत पंडितांचे दैवत घ्यावयाचे, आणि ते साकी-दिंडीत, लावणीच्या व कीर्तनाच्या चालींत, कानडी वळणाच्या पदांत गावयाचे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी, दिवाळीच्या तोंडावर, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले. सात अंकांचे नाटक. पण तयार झाले होते तेवढे करून दाखविले. हीसुद्धा हौशी माणसाचीच तऱ्हा. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर, शंकरराव मुजुमदार ही त्या पहिल्या संचातील नावे. मोरोबांनी दुष्यंत केला आणि मुजुमदारांनी शकुंतला. अण्णासाहेब स्वतः सूत्रधार म्हणून उभे राहिले.

पण हा सूत्रधार नांदी आणि प्रस्तावना आटोपून आत गेला! त्यानंतर दुष्यंताचे प्रेम दुष्यंताने गाइले, कण्वाची माया कण्वाने गाइली. ज्याचे दुःख त्याच्याच गळ्यातून आले. आज आपल्याला हे इतके साधे वाटते की त्यात क्रांती कोठे आहे ते दिसत नाही. परंतु चाळीस वर्षे चालत आलेली वाटणी त्या रात्री संपली. गाणे हे नाटकाच्या बाजूला उभे राहून केलेले निवेदन राहिले नाही. ते पात्राचे भाषण झाले. आमच्या मते सगळ्या संगीत नाटकाचे बीज या एका गोष्टीत आहे, आणि पुढे जे काही बिघडले तेही या एका गोष्टीच्या विस्मरणामुळे बिघडले.

दोन वर्षांनी, 18 नोव्हेंबर 1882 रोजी, पुण्याच्याच पूर्णानंद नाट्यगृहात ‘सौभद्रा’चे पहिले तीन अंक झाले, आणि पुढच्या वर्षी पाचही अंक पूर्ण झाले. ‘शाकुंतल’ हे भाषांतर होते. ‘सौभद्र’ हे अण्णासाहेबांचे स्वतःचे. कथा पुराणातली असली तरी घर मराठी आहे. थोरल्या भावाने बहिणीचे लग्न परस्पर ठरविले आहे. धाकट्याला ते पसंत नाही, पण थोरल्यासमोर बोलण्याची सोय नाही. वहिनीला सारे कळते आहे. आणि मुलगी आतल्या आत झुरते आहे. बलराम, कृष्ण, रुक्मिणी आणि सुभद्रा ही नावे काढून टाका, म्हणजे आपल्या चार घरांपैकी कोणतेही एक घर उभे राहील. त्यात अर्जुन संन्यासी होऊन येतो आणि घरातील सर्वांत कडक माणूसच त्याच्या पायांवर डोके ठेवतो. हा विनोद कोणत्याही काळात जुना होणार नाही. याच नाटकात बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर सुभद्रा झाले, आणि त्यांच्या गळ्याने प्रेक्षकांना असे वेड लावले की किर्लोस्कर मंडळी हे नाव सर्वतोमुखी झाले.

‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदे आहेत. हा आकडा ऐकून आजचा माणूस घाबरतो. एवढी पदे म्हणावयाची कधी आणि नाटक करावयाचे कधी? त्याचे उत्तर असे की ती पदे बहुतांशी आटोपशीर आहेत. कित्येक तर चार ओळींच्या साक्या आणि दिंड्या आहेत. एखाद्याने प्रश्न पदात विचारावा आणि दुसऱ्याने उत्तर पदात द्यावे, अशी ती बोलण्याइतकी सहज येतात आणि कथा पुढे ढकलून जातात. चाली लोकांच्या ओळखीच्या. कोणी कीर्तनात ऐकलेल्या, कोणी माजघरात आईच्या तोंडून ऐकलेल्या. म्हणून शब्द पहिल्या झटक्यात समजावयाचे. अण्णासाहेबांच्या हयातीत संगीत नाटक म्हणजे गात गात बोललेले नाटक होते.

अण्णासाहेब 2 नोव्हेंबर 1885 रोजी वारले. वय अवघे बेचाळीस. ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले. मंडळी मात्र टिकली, वाढली आणि पूर्णपणे धंदेवाईक झाली. आता धंदा हा शब्द आम्ही हिणवून वापरीत नाही. कंपनी होती म्हणून दहा-बारा वर्षांचा मुलगा बिऱ्हाडी येऊन राहिला, गवयापाशी बसून शिकला, तालीम मास्तरांचा मार खाल्ला आणि पुढे नट झाला. कंपनी होती म्हणून देवलांचे ‘शारदा’ 1899 साली इंदुरास झाले, आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधण्याच्या चालीविरुद्ध हजार व्याख्यानांनी झाले नसते ते काम त्याने केले. बेळगावच्या त्या विद्यार्थ्याने मास्तरांचे ऋण असे फेडले. 1905 साली नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत आले. 1911 साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. केशवराव भोसल्यांची ‘ललितकलादर्श’ 1908 सालची, मास्टर दीनानाथांची ‘बलवंत’ 1918 सालची. हा सारा काळ सोन्याचा, याबद्दल वाद नाही.

परंतु या सोन्याच्या काळातच पदाचे रूप पालटले. ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, 1916 सालच्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी. रागदारीचे वैभव रंगभूमीवर आले आणि ज्याला मैफलीचा उंबरठा कधी ओलांडता आला नसता अशा सामान्य माणसाच्या कानांवर यमन, भीमपलास पडले. हा उपकार थोडा नव्हे. त्याबरोबर पद लांबले, ‘वन्समोअर’ने ते दुप्पट-तिप्पट झाले, आणि रात्री नऊ-दहाला सुरू झालेले नाटक पहाटेच्या कोंबड्याबरोबर संपू लागले. सुभद्रेचे दुःख ऐकावयास आलेला प्रेक्षक आता सुभद्रेची तान ऐकावयास येऊ लागला. त्याच्या जोडीला खऱ्या भरजरी शालूंचा, गालिच्यांचा, अत्तराचा थाट आला. पन्नास-शंभर माणसांचे बिऱ्हाड रेल्वेने गावोगाव न्यावयाचे, त्यांना दोन वेळा जेवू घालावयाचे, पगार द्यावयाचे, आणि वर हा थाट! कर्ज होणारच. 1931 साली बोलपट आला. चार आण्यांत गाणे, नाच आणि देखावा तिन्ही मिळू लागले, आणि 1930 ते 1940 या दशकात एकेक कंपनी मिटली. नाट्यगृहांवर पांढरे पडदे लागले. पुण्याचे किर्लोस्कर नाट्यगृहही चित्रपटगृह झाले.

मग नाटकाचे पुढे काय झाले? येथे आमच्या विषयाचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो. कंपन्या गेल्या, पण संध्याकाळ रिकामी असणारी माणसे गेली नव्हती. पुण्यात विद्यार्थ्यांनी 1894 साली काढलेल्या एका मंडळातून भरत नाट्य मंदिर उभे राहिले होते. मुंबईत राहणाऱ्या गोमंतकीयांची ‘गोवा हिंदु असोसिएशन’ 1919 सालापासून होती. 1943 साली नाट्यशताब्दीचा उत्सव सांगलीस झाला, आणि पाठोपाठ मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेराव यांच्या खटपटीने मुंबईत नाट्यमहोत्सव भरविले. डॉ. भालेराव हे व्यवसायाने डॉक्टर. नाटकाचा त्यांना ध्यास होता. विखुरलेले जुने नट शोधून आणावयाचे, त्यांच्या शेजारी कचेऱ्यांतले नवे नट उभे करावयाचे आणि जुनी नाटके पुन्हा लोकांपुढे ठेवावयाची, असा तो उद्योग होता. 1954 साली त्या वेळच्या मुंबई राज्याने नाट्यस्पर्धा सुरू केल्या. पुढे संगीत नाटकांना वेगळी स्पर्धा मिळाली. गोवा हिंदु असोसिएशनने गोपीनाथ सावकारांच्या दिग्दर्शनाखाली ‘शारदा’, ‘मृच्छकटिक’, ‘संशयकल्लोळ’ यांसारखी जुनी नाटके नव्याने उभी केली, आणि त्यातूनच रामदास कामतांसारखा गायक नट पुढे आला. खुद्द गोमंतकात तर देवळाच्या जत्रेला गावकऱ्यांनीच मराठी संगीत नाटक करावयाचे, ही रीतच होती. जुन्या कंपन्यांच्या वळणाने जाणारे अगदीच कोणी उरले नव्हते असे नाही. भालचंद्र पेंढारकरांनी ‘ललितकलादर्श’ चालविली, जयराम व जयमाला शिलेदारांनी 1949 साली ‘मराठी रंगभूमी’ काढली. त्यांचे मोल मोठेच. पण तालुक्याच्या गावी ‘सौभद्र’ पोहोचले ते मुख्यतः हौशी मंडळींच्या खांद्यावरून.

हे खांदे किती वाकतात, ते आम्हाला थोडेफार ठाऊक आहे. आमच्या गावच्या हौशी मंडळीत आम्ही बरीच वर्षे विंगेत वही धरून उभे राहिलो आहो. प्रॉम्प्टरला नाटक दिसत नाही, पण नाटकाचे पोट दिसते. म्हणून ‘सौभद्र’ कसे बसते ते सांगतो.

पहिली अडचण कात्रीची. पहाटेपर्यंत बसणारा प्रेक्षक आता नाही. तीन तासांत पडदा पडला पाहिजे. पाच अंकांचे तीन होतात. शंभरावर पदांतून पंचवीस-तीस निवडावयाची. आणि येथे नेहमी एक चूक होते. प्रसिद्ध पदे राहतात आणि छोट्या साक्या-दिंड्या जातात. म्हणजे जी पदे नाटक पुढे नेतात ती कापली जातात, आणि जी थांबून ऐकावयाची ती राहतात. उरते ते गाण्यांच्या कार्यक्रमाला बांधलेले थोडेसे गद्य. आमच्या मंडळीनेही पहिल्या खेपेस हेच केले होते.

दुसरी अडचण पट्टीची. ती श्रोत्यांना सहसा कळत नाही. पूर्वी सुभद्राही पुरुष आणि अर्जुनही पुरुष; दोघांच्या पट्ट्यांत फारसे अंतर नसे. 1933 साली ‘नाट्यमन्वंतरा’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे रंगभूमीवर आल्या, आणि सुशिक्षित घरांतील स्त्रियांना हळूहळू वाट मोकळी झाली. आज पुरुषाने सुभद्रा करावी असे कोणी म्हणणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण अर्जुन काळी एकमध्ये गाणार आणि सुभद्रा काळी चारमध्ये. एकाच प्रवेशात दोघांची पदे लागोपाठ आली म्हणजे ऑर्गनवाल्याची बोटे आणि तबलजीची हातोडी यांची तारांबळ उडते. दोन पट्ट्यांचे दोन तबले मांडून ठेवावे लागतात. कंपनीत बारा महिने एकत्र राहणाऱ्या साथीदारांना हे डोळे मिटून साधे. आमचे साथीदार प्रयोगाच्या आदल्या दिवशी बाहेरगावाहून येतात.

तिसरी अडचण बदलीची. एका वर्षी आमच्या बलरामाच्या हाती प्रयोगाच्या आठ दिवस आधी बदलीचा हुकूम पडला. द्वारकेचा कारभारी, ज्याच्या शब्दापुढे यादव चळचळा कापतात, तो मुकाट्याने बिछाना बांधून निघून गेला. त्याच्या जागी शाळेतील एक मास्तर आठ दिवसांत उभे राहिले. तोंडी वर्गातला दरारा होताच, तो कामी आला. आम्ही त्या वेळी मनात म्हणालो, संगीत नाटकाचा जनकही कचेरीतलाच माणूस होता. एखादा हुकूम अवेळी निघता तर ‘शाकुंतला’चे काय होते?

आणि खर्च. नाट्यगृहाचे भाडे, भाड्याचे पोशाख, रंगपट, साथीदारांचे मानधन, तालमींचा चहा. तिकिटे सभासदांनीच दारोदार विकावयाची आणि तूट आली तर वर्गणी काढून भरावयाची. कंपन्या कर्जात बुडाल्या. हौशी मंडळी बुडत नाही, कारण ती मुळातच तुटीत पोहायला शिकलेली असते.

पण या सर्वांहून मोठी अडचण निराळी आहे, आणि ती आमची आम्ही निर्माण केलेली आहे. ध्वनिमुद्रिकेची! जुन्या थोर गायकांची पदे घरोघर वाजत आली, आणि आमचा प्रत्येक नट तीच तान, तीच हरकत, तोच श्वास उचलण्यासाठी महिनोन् महिने झिजू लागला. ज्यांनी आयुष्य गाण्यात घातले त्यांची नक्कल, दिवसभर खतावणी लिहिणाऱ्याने कशी करावी? मग प्रेक्षक क्षमाबुद्धीने पाहतो. आणि त्याचा तरी काय दोष? आम्हीच त्याला मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून दाखवितो.

या बाबतीत एक प्रसंग आमच्या मनात घर करून राहिला आहे. एका प्रयोगाच्या दिवशी सकाळी आमच्या सुभद्रेचा घसा बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या. आवाज थोडा सुटला, पण तान घेण्यासारखा नव्हता. प्रयोग रद्द करणे शक्य नव्हते. तिने ठरविले की पदे नुसती म्हणावयाची. जेवढी चाल आहे तेवढी, शब्दांना धरून. दुर्योधनाशी लग्न ठरले आहे आणि अर्जुनाचा पत्ता नाही, या प्रवेशात ती उभी राहिली आणि तिने पद जवळजवळ बोलल्यासारखे म्हटले. आम्ही वहीवर बोट ठेवून उभे होतो. ते पद आम्ही शेकडो वेळा ऐकले असेल. पण त्यातील मुलगी आपल्या घरच्या माणसांना काय विचारते आहे, ते आम्हाला त्या रात्री प्रथमच ऐकू आले. ‘वन्समोअर’ आला नाही. टाळीही आली नाही. पुढचे वाक्य रुक्मिणीचे होते, आणि ते तिने सहजपणे, जणू त्या पदाला उत्तर म्हणून टाकले. पद आणि गद्य यांच्यामधला सांधा दिसला नाही. आम्हाला वाटले, 1882 साली पूर्णानंदात प्रेक्षकांनी जे पाहिले असेल ते बहुधा याच जातीचे असावे. भाऊरावांचा गळा कोठे आणि आमच्या सुभद्रेचा बसलेला घसा कोठे. ती तुलना आम्ही करीत नाही. पण पद हे पात्राचे भाषण आहे, ही अण्णासाहेबांची मूळ गोष्ट त्या रात्री अडचणीतून का होईना, आमच्या हाती लागली.

पुढे काय झाले तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढच्या खेपेस अशाच रीतीने, छोट्या साक्या-दिंड्या परत घालून आणि ताना कमी करून ‘सौभद्र’ बसवावे, असे आम्ही मंडळीच्या सभेत सुचविले. वाद झाला. एका ज्येष्ठ सभासदाने विचारले, ‘मग लोक ऐकायला काय येतील?’ आमच्यापाशी उत्तर होते. पण तिकिटे खपविण्याची हमी नव्हती. मते घेतली, आम्ही हरलो. सुभद्रेचा घसा बरा झाला होता, तिने पूर्ववत भरघोस पदे म्हटली, तीन ‘वन्समोअर’ मिळाले, आणि त्या वर्षी तूट आली नाही. ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे चुकीचे होते असे आम्ही म्हणू शकत नाही. ज्या गाण्याने तीन पिढ्यांना आनंद दिला ते प्रेक्षकांनी मागितले तर त्यात गैर काय? एक मात्र आम्ही मिळविले. कापलेल्या साक्यांपैकी पाच सभेने परत घेऊ दिल्या.

श्रोतेहो, या पाच साक्यांतच आमच्या व्याख्यानाचे सार आहे. कंपन्यांचा काळ परत येणार नाही. तसे गळे तयार करणारी बिऱ्हाडेही परत येणार नाहीत. ती हानी खरीच आहे, आणि हौशी मंडळी ती भरून काढील असा दावा कोणी करू नये. पण कंपन्यांच्याही आधीचा एक काळ होता. कचेरीतून आलेल्या एका माणसाने आपल्याभोवती गाऊ शकणारी चार माणसे जमविली, आणि आपल्याला काय सांगावयाचे आहे ते ओळखीच्या चालींत सांगितले. त्या काळाच्या सर्वांत जवळचे आज कोणी असेल तर ते आपल्या गावची हौशी मंडळी आहे. नोकरी तीच, संध्याकाळ तीच, तुटपुंजी तिजोरी तीच. बालगंधर्व होणे त्यांना शक्य नाही. अण्णासाहेबांच्या पहिल्या संचासारखे होणे मात्र अवघड असले तरी त्यांच्या आवाक्यातले आहे, आणि ते त्यांनी आपल्या हौसेपुढे ध्येय म्हणून ठेवावे.

आणि प्रेक्षकांनी? त्यांच्याकडे आमचे एवढेच मागणे आहे. पुढच्या वेळी गल्लीतला अर्जुन पदाला उभा राहील तेव्हा तान कोठे चुकली ते मोजू नये. तो काय म्हणतो आहे ते ऐकावे. तिकीट आधी काढावे, सभासद दारात आला असता ‘नंतर या’ म्हणू नये. यंदाच्या ‘सौभद्रा’च्या तालमी सुरू झाल्या आहेत. बलराम अजून मिळावयाचा आहे. श्रोत्यांपैकी कोणाची नजीकच्या काळात बदली होण्याचा संभव नसेल, तर त्यांनी सभा संपल्यावर आम्हाला अवश्य भेटावे.